अडखळणाऱ्या एंजिनाची नाडीपरीक्षा



चिंचवड हें गांव पूर्वीं मोरया गोसावींच्या समाधीमुळें महाराष्ट्रास ठाऊक होतें, आणि चाकण संग्रामदुर्गामुळें. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें मूठभर लोकांनिशीं शाइस्तेखानाच्या प्रचंड फौजेस तेथें सुमारें दोन महिने थोपवून धरलें, ही कथा शाळेंतील मुलांनाहि येते. त्याच दोन गांवांच्या मधला व भोंवतालचा प्रदेश आज मोटारींचें माहेर झाला आहे. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. मग टेल्को आली, बजाज आली, आणि त्यांच्या पाठोपाठ स्क्रू, स्प्रिंगा, गास्केटें व रबरी नळ्या करणारे शेंकडों लहान कारखाने भोसरीपासून आकुर्डीपर्यंत पसरले. १९८२ सालीं पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. पुढें चाकणच्या माळावर बजाजचा नवा कारखाना, २००९ सालीं फोक्सवागेन व मर्सिडीझ-बेंझ, आणि त्यांच्यामागून महिंद्र, अशी रांगच लागली.

परंतु गाडी जन्मास घालणें निराळें आणि आजारी गाडीचें निदान करणें निराळें. कारखान्यांत प्रत्येक भाग नवा असतो, त्याची जागा ठरलेली असते, आणि काम आंखलेल्या रेषेवरून पुढें सरकतें. पंधरा वर्षें रस्त्यावर धांवलेली गाडी दारांत येते तेव्हां मात्र कोणता भाग निकामी झाला आहे हें तिच्या अंगावर लिहिलेलें नसतें. लक्षणावरून कारणाकडे उलट चालत जावें लागतें, आणि एकाच लक्षणाचीं कारणें पांच-पंचवीस असूं शकतात. असें एक चिवट लक्षण म्हणजे एंजिनाचें अडखळणें. कारागीर मंडळी त्याला 'गाडी मिसिंग मारते' असें म्हणतात. साध्या एंजिनांतहि हें दुखणें त्रासदायक असतेंच. पण ज्या एंजिनांत हवा यंत्रानें कोंबली जाते त्यांत तें अधिक फसवें होतें.

ही हवा कोंबण्याची कल्पना जुनी आहे. एंजिनाची शक्ति ही अखेर त्यांत किती पेट्रोल जळतें यावर अवलंबून असते, आणि पेट्रोल जळावयाचें तर हवा पाहिजे. एक किलो पेट्रोल नीट जळण्यास सुमारें पावणेपंधरा किलो हवा लागते. एंजिन स्वतःच्या श्वासानें जितकी हवा ओढतें तितक्यावर समाधान न मानतां ती पंपानें आंत रेटली, तर लहान एंजिनहि मोठ्याचें काम करूं शकेल. अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांतल्या रूट्स बंधूंनीं १८६० सालीं दोन फिरत्या पाळ्यांच्या हवापंपाचें पेटंट घेतलें होतें. हे पंप भट्ट्यांना व खाणींना हवा पुरवीत. जर्मनींत गॉटलीब डाइमलरनें १८८५ सालींच एंजिनांत हवा रेटण्याच्या कल्पनेचें पेटंट मिळविलें. आणि १९२१ सालीं बर्लिनच्या मोटार-प्रदर्शनांत मर्सिडीझनें असा पंप बसविलेल्या गाड्या लोकांपुढें मांडल्या. इंग्रजींत त्या पंपाला सुपरचार्जर म्हणतात, जर्मन भाषेंत कॉम्प्रेसर.

हा दुसरा शब्द पुणेंकरांनीं रस्त्यावर पुष्कळदां वाचलेला आहे. मर्सिडीझ-बेंझची हिंदी शाखा १९९४ सालीं निघाली व १९९५ पासून टेल्कोच्या पिंपरी येथील आवारांत तिच्या गाड्या जुळविल्या जाऊं लागल्या. पुढें सी-वर्गाच्या ज्या गाड्या येथें तयार झाल्या त्यांपैकीं कित्येकींच्या पाठीवर 'कॉम्प्रेसर' ही अक्षरें चकाकत असत. १.८ लिटरचें चार सिलिंडरांचें आटोपशीर एंजिन, आणि त्याच्या बाजूस पट्ट्यावर फिरणारा हवापंप, अशी त्यांची रचना. २०१० च्या सुमारास या पंपाची जागा टर्बोनें घेतली. टर्बो हा पट्ट्यावर चालत नाहीं, एंजिनाच्या धुराच्या झोतावर फिरतो. परंतु हवा दाबून भरण्याचें तत्त्व तेंच राहिलें. आज चाकणला तयार होणाऱ्या टायगुन व व्हर्टस या गाड्यांत टर्बोच आहे. तेव्हां येथें जें सांगावयाचें आहे तें जुन्या कॉम्प्रेसर गाड्यांपुरतेंच आहे असें कोणीं समजूं नये.

आपल्या प्रदेशांत या दाबाच्या हवेला आणखी एक महत्त्व आहे. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंचीवर वसलेलें आहे. येथील हवेचा दाब मुंबईपेक्षां अदमासें सहा टक्क्यांनीं कमी भरतो. साध्या एंजिनाची तितकी शक्ति बोरघाट चढून येतां येतां घटते. ज्याच्या पाठीशीं पंप आहे, त्याला ही उणीव फारशी भासत नाहीं. म्हणूनच अशी गाडी घाटांत अडखळूं लागली म्हणजे मालकाला तें विशेष खटकतें. ज्या गुणासाठीं ती घेतली तोच गुण हरपलेला असतो.

आतां अडखळणें म्हणजे नक्की काय होतें तें पाहूं. चार सिलिंडरांच्या एंजिनांत दांडा अर्धा फिरला कीं एका सिलिंडरांत स्फोट होतो. मिनिटाला ३,००० फेऱ्या या वेगानें एंजिन चालत असेल तर प्रत्येक सिलिंडरांत सेकंदाला २५, आणि चारी मिळून १०० स्फोट होतात. पहिला, तिसरा, चौथा, दुसरा, हा त्यांचा नेहमींचा क्रम. दिंडींतील मृदंगाचा ठेका धरावा तसा तो क्रम सुटतां कामा नये. त्यांतील एखादा स्फोट झालाच नाहीं, किंवा अर्धवट झाला, तर दांड्याला मिळावयाचा धक्का मिळत नाहीं, त्याची गति क्षणमात्र मंदावते, आणि गाडीला हिसका बसतो.

ही मंदगति माणसाला नेहमीं कळतेच असें नाहीं. गाडींतील संगणकाला कळते. दांड्याबरोबर फिरणारें एक दातेरी चक्र असतें, आणि त्याच्याजवळ एक संवेदक बसविलेला असतो. प्रत्येक दाता समोरून जाण्यास किती वेळ लागला हें तो मोजीत राहतो. कोणत्या सिलिंडराच्या पाळीला दाते रेंगाळले यावरून संगणक दोषाची नोंद करतो. युरोपांत २००१ पासून पेट्रोलच्या नव्या गाड्यांना अशी स्वयंपरीक्षा सक्तीची झाली, व भारतांत २०१० नंतर ती टप्प्याटप्प्यानें लागू झाली. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर अडखळतो, पी ०३०२ म्हणजे दुसरा. आणि पी ०३०० म्हणजे अडखळ एका ठिकाणची नाहीं, ती भटकती आहे. या शेवटच्या अंकाचें मर्म पुढें येईलच.

'थोडे हिसके बसतात, बसोत. गाडी चालते आहे ना?' असें म्हणणारे गृहस्थ पुष्कळ असतात. त्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. जो स्फोट झाला नाहीं त्याचें पेट्रोल तसेंच धुराच्या नळींत जातें. तेथें धूर शुद्ध करणारें उत्प्रेरक पात्र असतें. त्याच्या आंत मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची बारीक जाळी असते. न जळलेलें पेट्रोल त्या तापलेल्या जाळींत जाऊन पेटतें, तेथील उष्णता हजार अंशांच्या वर चढते, आणि जाळी वितळूं लागते. ती वितळली म्हणजे धुराची वाट तुंबते व एंजिन गुदमरतें. हें पात्र फार महाग असतें, कारण त्यांत प्लॅटिनमच्या जातीचे धातु असतात. याहून मोठी गोष्ट म्हणजे जीवाची. चाकण-तळेगांव रस्त्यावर मालमोटारीला मागें टाकीत असतांना, समोरून दुसरी मालमोटार येत असतां, ऐन वेळीं एंजिनानें दगा दिला तर काय होईल हें वेगळें सांगावयास नको. म्हणून अनेक गाड्यांत फलकावरील एंजिनाचा पिवळा दिवा स्थिर पेटला तर लौकर तपासणी करावी, आणि तो मिचकावूं लागला तर वेग उतरवून गाडी सुरक्षित जागीं थांबवावी, असा संकेत ठेवलेला असतो.

स्फोटास लागतात तीन गोष्टी: हवा-पेट्रोलचें योग्य मिश्रण, त्यावर पुरेसा दाब, आणि ठरल्या क्षणीं ठिणगी. यांपैकीं एक जरी हुकली तरी स्फोट हुकतो. ठिणगीच्या घरांत प्लग, कॉइल व त्यांना जोडणारी टोपी येते. पेट्रोलच्या घरांत पंप, गाळणी व इंजेक्टर येतात. दाबाच्या घरांत झडपा, दट्ट्याच्या कड्या, हेडचें गास्केट, आणि झडपांची वेळ सांभाळणारी टायमिंग साखळी येते. हवेच्या घरांत गाळणी, हवा मोजणारा मापक, आणि तेथून झडपांपर्यंतच्या साऱ्या नळ्या व सांधे येतात.

कोंबलेल्या हवेच्या एंजिनांत ठिणगीचें काम अधिक कठीण होतें. १८८९ सालीं फ्रीड्रिख पाशेन या जर्मन शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, दोन टोकांमधील वायूंतून ठिणगी उडण्यास लागणारा विजेचा दाब हा वायूचा दाब व टोकांमधील अंतर यांच्या गुणाकारावर ठरतो. हवा दाबून भरली कीं ठिणगीला अधिक जोर लागतो. म्हणून अशा गाड्यांत प्लगाच्या टोकांमधील फट साध्या गाडीपेक्षां पुष्कळदां कमी ठेवतात. जो प्लग किंवा जी कॉइल गाडी उभी असतांना बिनतक्रार काम करते, तीच घाटांत पाय दाबला कीं हार खाते. याचा अर्थ असा कीं, कारखान्याच्या फरशीवर उभ्या गाडीची परीक्षा घेऊन 'कांहीं दोष नाहीं' म्हणणें हें झोंपलेल्या माणसाची नाडी पाहून 'याला धांवतांना दम लागणार नाहीं' म्हणण्यासारखें आहे.

हें सारें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. निगडी-प्राधिकरणांत राहणारे एक गृहस्थ आहेत असें समजूं. त्यांच्याजवळ अशीच पंधरा-सोळा वर्षांची कॉम्प्रेसर गाडी आहे. सकाळीं सिग्नलला उभी असतांना ती किंचित् थरथरते. सपाट रस्त्यावर सावकाश नेली तर गुण्यागोविंदानें चालते. आणि खंडाळ्याच्या चढावर जोर मागितला कीं हिसके देते. पहिल्या कारखान्यांत चारी प्लग बदलले. आठ दिवस गाडी झकास चालली, नवव्या दिवशीं पुन्हां तेंच. दुसऱ्या ठिकाणीं चारी कॉइली बदलल्या. थोडा उतार पडला, पंधरवड्यानें दुखणें परत आलें. तिसऱ्यानें इंजेक्टर काढून धुतले आणि पट्टा नवा घातला. फरक शून्य. पट्टा सैल झाला तर हवेचा दाब पडून गाडी मंद होते, तेवढ्यानें ती सहसा अडखळत नाहीं, इतका विचारहि येथें झाला नाहीं. बिलांची चळत वाढली, घरांत रोज वाद होऊं लागला, आणि गाडी विकावी कीं काय असें गृहस्थांच्या मनांत घोळूं लागलें. विकावयाची तर दोष सांगून विकावी कीं न सांगतां, हा आणखी एक प्रश्न त्यांची झोंप मोडूं लागला. कारण घेणाराहि कोणी तरी मुलाबाळांचा माणूसच असणार.

अशा वेळीं ते भोसरीच्या एका जुन्या मिस्त्र्याकडे जातात. मिस्त्री बॉनेट उघडीत नाहीं. तो म्हणतो, "साहेब, काय काय बदललं ते मागाहून सांगा. आधी गाडी कुठं अडखळते, केव्हां अडखळते, आणि केव्हां अडखळत नाही, तेवढं सांगा." या तीन प्रश्नांत निम्मी परीक्षा आली. उभ्या गाडीचें थरथरणें व चढावरचें हिसकणें हीं दोन निराळीं दुखणीं आहेत, कीं एकाच दुखण्याचीं दोन रूपें, हें ठरवावयाचें असतें. शिवाय नव्या प्लगांनीं आठ दिवस आराम पडला, ही गोष्ट तो विशेष लक्ष देऊन ऐकतो. जें औषध आठ दिवसच लागू पडतें तें मूळ रोगावर नसून त्याच्या परिणामावर असतें.

मग तो स्कॅनर लावतो. पी ०३०० हा भटकता अंक निघतो. एकच प्लग, एकच कॉइल किंवा एकच इंजेक्टर दोषी असता तर एकाच सिलिंडराचें नांव पुनःपुन्हां आलें असतें. चारी सिलिंडर आळीपाळीनें अडखळतात, त्या अर्थीं दोष चौघांना सामाईक असलेल्या वस्तूंत असला पाहिजे. म्हणजे पेट्रोलचा दाब, टायमिंग, किंवा हवा. तरीहि खात्रीसाठीं तो दोन सिलिंडरांच्या कॉइलींची अदलाबदल करून पाहतो. अडखळ कॉइलीबरोबर जागा बदलीत नाहीं. प्लग बाहेर काढतो; चौघांच्या तोंडावर कोरडी काळी काजळी जमलेली असते. तेल लागलेलें नाहीं, एकच काळा झाला आहे असेंहि नाहीं. काजळी ही अर्धवट जळलेल्या पेट्रोलची खूण. काजळींतून वीज झिरपते, ठिणगीचा जोर ओसरतो, आणि दाब वाढला कीं ती उडतच नाहीं. आठ दिवसांच्या आरामाचा उलगडा येथें होतो. नवे प्लग स्वच्छ होते तोंवर काम निभावलें. काजळी धरली आणि पुन्हां रडगाणें सुरू झालें. पण काजळी कां धरते?

चारी सिलिंडरांचा दाब मोजला तर आंकडे एकमेकांच्या जवळ येतात; म्हणजे झडपा व कड्या शाबूत आहेत. दांड्याची व झडपांच्या दांड्याची परस्पर वेळ तपासली तर ती मर्यादेंत आहे. म्हणजे साखळी ताणलेली नाहीं. चढावर गाडी चालवीत पेट्रोलचा दाब पाहिला, तो स्थिर आहे. आतां हवाच उरली.

येथें मिस्त्री स्कॅनरवरील एका आंकड्याकडे वळतो. धुराच्या नळींतील प्राणवायूचा संवेदक पाहून संगणक पेट्रोल सतत कमीजास्त करीत असतो, आणि ही दुरुस्ती शेंकडेवारींत दाखवितो. उभ्या गाडींत हा आंकडा अधिक अठरा येतो. म्हणजे मिश्रणांत हवा फार होते म्हणून संगणक पेट्रोल वाढवीत आहे. सपाट रस्त्यावर तो अधिक पांचावर उतरतो. चढावर, पंपाचा दाब भरला कीं, तो चक्क उणे होतो. म्हणजे आतां पेट्रोल फार होत आहे. एकाच गाडींत, एका तासाच्या आंत, एकदां हवा जास्त आणि एकदां पेट्रोल जास्त! नवशिक्या येथें गोंधळून जातो आणि हवामापकच बिघडला असें म्हणून तोहि बदलण्याचा सल्ला देतो.

परंतु या विरोधांतच उत्तर आहे. हवामापक हा वाटेच्या तोंडाशीं बसलेला जकातनाका होय. तेथून जी हवा गेली तितकीच एंजिनास पोंचली असें संगणक धरून चालतो. नाक्याच्या पुढें, झडपांच्या जवळील वाटेला कोठें चीर पडली असेल तर काय होईल? गाडी उभी असतांना त्या भागांत बाहेरच्यापेक्षां कमी दाब असतो. चिरेंतून बाहेरची हवा आंत शिरते, आणि या हवेची नाक्यावर नोंद नसते. म्हणून हवा जास्त. चढावर पंप चालूं लागला कीं त्याच भागांत बाहेरच्यापेक्षां जास्त दाब होतो. नाक्यावर मोजलेली हवा त्याच चिरेंतून बाहेर निसटते, पण तिच्या हिशेबानें सोडलेलें पेट्रोल मात्र आंत येतें. म्हणून पेट्रोल जास्त. त्यांतच सिग्नलला उभें असतांना संगणक पेट्रोल वाढविण्याची संवय करून घेतो, आणि ती भर चढाच्या प्रारंभींहि कांहीं काळ लागू राहते. दोहोंची बेरीज होऊन काजळी धरते. मधल्या सपाट रस्त्यावर आंतबाहेरच्या दाबांत फारसा फरक नसतो, म्हणून तेथें गाडी सुरळीत चालते. सिग्नलवरची थरथर, सपाटीवरचा सुखद प्रवास, घाटांतले हिसके, आणि प्लगांचा आठ दिवसांचा आराम, हीं चारी लक्षणें एकाच चिरेच्या पोटीं जन्मलेलीं निघालीं.

येथें एका गोष्टीचा भेद करणें अवश्य आहे. अलीकडे आपल्या पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलांत शेंकडा वीसपर्यंत इथेनॉल असतें. इथेनॉलला हवा कमी लागते. त्यामुळें निव्वळ पेट्रोलसाठीं बनविलेल्या जुन्या गाडींत संगणकाला पेट्रोल थोडें वाढवावें लागतें, व दुरुस्तीचा आंकडा अधिकाकडे झुकतो. पण हा झुकाव सिग्नलवर, सपाटीवर व चढावर साधारण सारखाच राहतो. चिरेचा आंकडा ठिकाणाप्रमाणें बदलतो, आणि दाब भरला कीं उलटतो. एक आंकडा पाहणारा या दोहोंत फसेल. तीन ठिकाणचे आंकडे शेजारीं मांडणारा फसणार नाहीं.

चीर आहे हें बुद्धीनें ठरलें. ती डोळ्यांनीं दिसली पाहिजे. मिस्त्री हवेची वाट दोन्ही टोकांस बंद करून तींत बेताच्या दाबानें धूर सोडतो. थंड एंजिनांत धूर कोठूनहि निघत नाहीं. येथें घाई करणारा 'गळती नाहीं' असें लिहून मोकळा झाला असता. मिस्त्री एंजिन चांगलें तापवितो आणि पुन्हां धूर सोडतो. पांच मिनिटांनीं हवेच्या मुख्य नळकांड्याच्या खालीं, जेथें हातहि नीट पोंचत नाहीं तेथें, उदबत्तीच्या धुरासारखी एक रेघ वर येते. आरसा व विजेरी धरून पाहिलें तर एंजिनाच्या पोटांतील वाफा वाहून नेणारी रबरी नळी वळणाच्या ठिकाणीं फाटलेली असते. वर्षांनुवर्षें उष्णता व तेल सोसून रबर कडक झालें, त्याला भेग गेली. थंड असतांना ती मिटून राहते, तापल्यावर उघडते. या लहानशा नळीपायीं प्लग गेले, कॉइली गेल्या, आणि घरची शांतताहि गेली.

नळी बदलून काम संपत नाहीं. काजळलेले प्लग स्वच्छ करावे अथवा बदलावे. संगणकानें लावून घेतलेल्या जुन्या संवया पुसाव्या. उत्प्रेरक पात्र वितळलेलें नाहीं ना हें पहावें. आणि ज्या चढावर गाडी अडखळत होती त्याच चढावर, तितक्याच वजनानिशीं, एंजिन तितकेंच तापलेलें असतांना ती पुन्हां चालवून आंकडे पहावे. सपाटीवर एक फेरी मारून 'झाली दुरुस्त' म्हणणें हें निदान नव्हे. पंधरा दिवसांनीं पुन्हां एकदां आंकडे पाहिले आणि तीनहि ठिकाणीं ते शून्याच्या आसपास, किंवा इथेनॉलमुळें सारखेच किंचित् वर, असले, म्हणजे रोग गेला असें म्हणावें.

आतां पैशाची गोष्ट. आपल्याकडे दुरुस्तीचें बिल भागांवर लिहिलें जातें: चार प्लग, चार कॉइली, एक पट्टा. ग्राहकाला ती यादी समजते, हातांत जुना भागहि परत मिळतो, आणि पैसे कशाचे दिले याचें समाधान वाटतें. दीड दिवस विचार व परीक्षा करून एक रबरी नळी बदलणाऱ्यानें आपल्या श्रमाचें मोल मागितलें तर तोच ग्राहक म्हणतो, "एका नळीचे एवढे?" याचा परिणाम उघड आहे. ज्याला विचाराचे पैसे मिळत नाहींत तो भाग विकूं लागतो, आणि ज्याला भाग विकून पोट भरतां येतें तो विचार सोडून देतो. भागामागून भाग बदलणारे कारागीर सारेच अप्रामाणिक असतात असें नाहीं. पुष्कळांना ग्राहकांनींच त्या वाटेला लावलेलें असतें. या पट्ट्यांतील जे तरुण औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार-मेकॅनिकचें शिक्षण घेऊन बाहेर पडतात, त्यांनीं यांपैकीं कोणती संवय उचलावी हें बरेंचसें आपण बिलाकडे कसें पाहतों यावर अवलंबून आहे.

गृहस्थाश्रमी माणसानें यंत्रशास्त्र शिकावें अशी अपेक्षा कोणीच करणार नाहीं. पण तीन गोष्टी त्याला सहज साधतील. गाडी केव्हां अडखळते व केव्हां अडखळत नाहीं याची तारीखवार टीप ठेवावी: एंजिन थंड कीं तापलेलें, चढ कीं सपाटी, पाऊस कीं ऊन, टाकी नुकतीच भरली होती काय. दुसरें, एका वेळीं एकच गोष्ट बदलावयास सांगावी. तीन भाग एकदम बदलले तर गुण कोणाचा हें कळत नाहीं. आणि तिसरें, कांहीं बदलण्यापूर्वीं 'हा भाग दोषी आहे हें कशावरून?' असा प्रश्न नम्रपणें विचारावा, व परीक्षेचें मोल निराळें देण्याची तयारी आपण होऊन दाखवावी. खरा कारागीर या प्रश्नानें रागावत नाहीं. उलट खूष होतो.

कॉम्प्रेसरचा जमाना ओसरला आहे. टर्बोचा भरांत आहे. आणि २०२२ सालीं चाकणच्या मर्सिडीझ कारखान्यांतून विजेवर चालणारी ईक्यूएस ही मोटारहि बाहेर पडली आहे. तिच्यांत ना ठिणगी, ना पेट्रोल. पण तिच्याहि तारा झिजतील, सांधे सैल होतील, आणि एखाद्या पावसाळ्यांत ती कोणाच्या तरी दारीं तक्रार घेऊन उभी राहील. त्या वेळींहि केव्हां, कोठें आणि कशावरून, हे प्रश्न विचारणाऱ्या माणसाची गरज लागणार आहे. असा माणूस भोसरींत, चिंचवडांत, चाकणांत आज आहे. त्याला उद्यांहि काम मिळत राहील असें वागणें आपल्या हातीं आहे.